नाल्यापलीकडचा गार्ड

जंगल खात्यात नोकरी केलेल्या माणसाला दोन गोष्टी न मागता मिळतात. पायाला काटे आणि तोंडाला किस्से. काटे निघतात तरी. किस्से मात्र चौघं चहाला बसले की आपोआप वर येतात, आणि माझ्या प्रत्येक किश्श्यात राठोड येतोच. मी कितीही टाळला तरी येतो!

धनसिंग राठोड आणि मी एकाच भरतीत वनरक्षक झालो. ट्रेनिंगला एका खोलीत राहिलो. पोस्टिंगही शेजारी-शेजारी, सेनगाव तालुक्यात. मधे एक नाला. अलीकडचं जंगल माझ्याकडे, पलीकडचं त्याच्याकडे. साग तोच, माती तीच, साहेबही तेच. पण त्याला लोक 'राठोडदादा' म्हणायचे, आणि माझ्याकडे नुसतं "गार्ड आला, गार्ड आला!" तेही पळता पळता.

आडपडदा कशाला ठेवू, मी त्या माणसावर जळत होतो. लेकरंबाळं मोठी झाली तरी जळत होतो. एकदा तरी, कुणीतरी आपल्यालाही 'दादा' म्हणावं, एवढीच इच्छा होती.

* * *

सागाचा कूप तोडला, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातली झाडं कापून झाली, की तो पट्टा काही वर्षं चराईला बंद असतो. नाहीतर बुंध्याला फुटलेले कोंब शेळ्या फस्त करतात.

मी कायद्यानं चाललो. शेळी दिसली की कोंडवाड्यात. राठोड मात्र त्याच्या बाजूच्या तांड्यावर गेला, तिथले प्रमुख असलेल्या नाईकांच्या ओट्यावर बसून चहा प्याला आणि म्हणाला, "कोंब तुमचेच हायत, राखण बी तुमीच करा. गवत कापून न्या, जनावरं आत घालू नका." तांड्यानं पाळ्या लावून राखण केली.

पावसाळा सरल्यावर साहेब बघायला आले. त्याच्याकडे कोंब कमरेएवढे. माझ्याकडे शेळ्या. मी एका म्हाताऱ्याला धरलं.

"काय मामा, कुठल्या शेळ्या ह्या?"

"तांड्यावरच्या."

"मग नाल्याच्या तिकडं चारायला काय झालं होतं?"

म्हातारा साहेबांच्या देखत म्हणाला, "तिकडं कसं चारावं साहेब? तिकडं राखण हाय ना!"

साहेबांना हसू आवरेना. मला काही हसू आलं नाही.

* * *

तेव्हा ठरवलं, आपणही बैठक घ्यायची. त्याच्या ओट्याला काय सोनं लागलंय?

माझ्या हद्दीतल्या गावात दवंडी दिली : जंगलाबद्दल चर्चा आहे, सगळ्यांनी मारुतीच्या पारावर यावं. चिवडा आणला, सतरंजी टाकली. ऊन चढलं तरी कुणी येईना. घराघरात मात्र धावपळ चाललेली. कुणी वखराचं लाकूड कडब्यात लपवतंय, कुणी नवी खाट उचलून शेतात नेतंय. गडी माणसं तर बाजाराचा दिवस नसताना बाजाराला गेली!

शेवटी एकटे सरपंच आले. सोबत त्यांचा भाचा, हिंगोलीच्या कोर्टात वकिली करणारा. मी चिवड्याची ताटली पुढे केली. भाच्यानं ती बाजूला सारली आणि म्हणाला, "आधी बोला, कोणतं कलम लावून राहिलात?"

चिवडा मी घरी नेला.

* * *

घरी तरी सुख होतं का? दसऱ्यानंतर एकदा तांड्यावरच्या दोन बाया आमच्या क्वार्टरवर टोपलंभर सीताफळं देऊन गेल्या. मी मनात हरखलो. बायकोला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, राठोडदादाच्या दोस्ताला द्या."

मी एकालाही हात लावला नाही. बायको आणि पोरं ओसरीत बसून बिया थुंकत होती, आणि मी उगाच सायकल पुसत होतो.

"अहो, किती गोड आहेत! आपल्या बाजूला का नाहीत ओ अशी?"

"नाहीत."

"होती की. सागाला अडचण होते म्हणून तुम्हीच तोडायला लावली नव्हती का?"

त्या दिवशी सायकल इतकी चमकली की शेजारी विचारायला आला, विकायची आहे का म्हणून.

* * *

आता शेवटचा. परभणीतून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमाराला साहेबांनी आम्हा दोघांची अदलाबदल केली. मी नाल्यापलीकडे, राठोड अलीकडे. ऑर्डर हातात पडली आणि मला आनंदानं जेवण जाईना. आता तांडा माझा, ओटा माझा, सीताफळंही माझीच!

पहिलंच काम मार्किंगचं आलं. तोडायच्या झाडावर हातोड्यानं ठसा मारायचा असतो. पाणवठ्याच्या काठाला जुने, सरळसोट साग उभे होते. लाकूड म्हणून पहिल्या प्रतीचे. पण ते गेले असते तर काठ ढासळून पाणवठा गाळानं भरला असता, आणि तांड्याच्या गुरांना उन्हाळ्यात दुसरं पाणी नव्हतं. राठोडनं त्यांना कधी मार्किंगला घेतलं नव्हतं. मलाही घ्यायचं नव्हतं. फक्त आधी कुणीतरी म्हणावं, "दादा, एवढी सोडा." मग मी सोडणार होतो.

सगळा तांडा जमला होता. नाईक पुढे उभे. मी हातोडा उचलला आणि थांबलो. मी घाम पुसला, परत उचलला. बाया खाली बघत होत्या.

"नाईक, तुमचा पाणवठा आहे. काही म्हणायचं नाही का?"

"न्हाई साहेब. मारा ठसा."

"अहो, राठोड तर सोडायचा ना ही झाडं?"

"सोडायचा."

"मग माझ्याजवळ का बोलत नाही?"

नाईकांनी पटका सारखा केला.

"दादा आमाला एकच सांगायचा. सरपण न्या, गवत न्या, मोहं येचा. पर चोरून सागाला कुऱ्हाड लावली, तर मी जाईन आन् नाल्यापलीकडच्या गार्डाला तुमच्यावर धाडीन. त्या भ्यानं आजवर कुणी हात लावला न्हाई."

"मग?"

"मग तुमी आलाव. म्हंजी आमच्यातल्या कुणीतरी लावला. कोण त्ये आमी शोधून राहिलोत, घरोघर इचारून झालं."

मी हातोडा खाली ठेवला. नाईक एक पाऊल जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, त्यो सापडला, आन् त्यानं पाया पडून माफी मागितली, तर तुमी परत जाताल का?"