पाण्यात कललेलं लाकडी बदक

मंडळी, हवं असलेलं बदक आज हातचं गेलं.

मी हाताने कोरलेली लाकडी बदकं जमवतो. खरी बदकं जवळ यावीत म्हणून शिकारी पूर्वी ती तळ्यात सोडायचे. आता लोक शोभेला ठेवतात.

आज एर्लांगेन शहरातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका आजींकडे तीन दिसली. त्यांच्या दिवंगत नवऱ्याने कोरलेली. मी त्यातलं बिनरंगाचं उचललं.

"ते अर्धवटच राहिलं," आजी म्हणाल्या. "पाण्यात सोडून बघितल्याशिवाय तो रंगवायचा नाही."

"मग बघूया का?" मी म्हटलं.

शेजारच्या विक्रेतीला आजींच्या टेबलाकडे लक्ष द्यायला सांगून आम्ही जवळच्या तळ्यावर गेलो. आजींनी वाकून बदक सोडलं. ते लगेच एका बाजूला कललं.

आजी इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणून रंगवत नव्हता. मला सांगायचा, वेळच मिळत नाही!"

मग त्यांनी बदक कोटाला पुसलं आणि स्वतःच्या पिशवीत ठेवलं. "माफ करा, हे आता विकायचं नाही."

मी रंगवलेलं एक घेऊन आलो. तेही सुरेख आहे. पण तळ्यावर जायचं मीच सुचवलं होतं, तक्रार कुणाकडे करणार?

तुम्ही असतात तर आग्रह धरला असता?