पदरचा एक शब्द

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. गॅस एजन्सीचं पत्र, मिक्सरचं गॅरंटी कार्ड, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली पातळ चिठ्ठी. जळगावात मी इंग्रजी शाळेत शिकले होते आणि बाबांच्या मते त्या शाळेचा उपयोग एवढाच झाला होता, कारण चारचौघांत मी कुठल्याच भाषेत बोलत नसे. म्हणून आईच्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा तो तपकिरी लिफाफाही बाबांनी न उघडता माझ्या हातात दिला.

मी तेव्हा अकरावीत होते. आम्ही धुळ्याला मामाच्या घरी होतो. तिथले एक सर्जन मामाच्या ओळखीचे, म्हणून आईचं ऑपरेशन तिथे झालं होतं. छातीची उजवी बाजू काढली होती आणि काखेतूनही काही. आई आतल्या खोलीत कॉटवर पडून होती. बाहेर मी, बाबा आणि मामा. मध्ये फक्त पडदा.

कागदावर टाइप केलेले दोन परिच्छेद होते. पहिल्यात सेंटिमीटरमधली मापं, दुसऱ्यात तो शब्द. जीवशास्त्राच्या पुस्तकात तो मी पाहिलेला होता, त्यामुळे अडखळायला झालं नाही. अडखळले असते तर बरं, असं वाटलं. मी त्या शब्दाखाली बोट ठेवलं. मामाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण माझं बोट तिथून हलत नाही हे त्याला दिसलं.

"तोच?" मामाने नुसते ओठ हलवले.

मी मान डोलावली.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "तिला गाठ म्हणून सांगायचं. गाठ होती, काढली. नाव कळलं तर ती हाय खाईल."

तेवढ्यात पडद्यामागून आईने विचारलं, "काय लिहिलंय गं?"

मी आत गेले. "गाठ होती. काढलीय आता." ती माझ्याकडे बघत राहिली. ती तशी बघत राहिली की मला नेहमी काहीतरी आणखी बोलावं लागे. मी म्हणाले, "साधी."

हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. बाबांनी नाही, मामानेही नाही. तो मी पदरचा घातला. आईने डोळे मिटले आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. ती आठी जाताना मी पाहिली, म्हणूनच पुढचे दोन महिने मला नीट झोप लागली नाही.

डॉक्टरांनी सहा इंजेक्शनं सांगितली, दर तीन आठवड्यांनी एक, धुळ्यालाच, सलाईनमधून. एकही चुकवायचं नाही, असं त्यांनी बाबांना दोनदा बजावलं. आम्ही जळगावला परतलो आणि घरी त्याचं नाव 'ताकदीची सलाईन' पडलं. पहिल्या सलाईननंतर आई चार दिवस मोरीपाशी बसून होती. "कसली मेली ताकद," ती म्हणाली, "उभं राहवेना." दुसऱ्या सलाईननंतर एका सकाळी ती अंगणात केस विंचरायला बसली आणि फणी हातात घेऊन तशीच बसून राहिली. फणीत केसांचा पुंजका होता. मी दारातून पाहिलं आणि मागे सरले.

त्या संध्याकाळी तिने जाहीर केलं, "मी आता जाणार नाही."

"अगं, डॉक्टरांनी सहा सांगितलीत," बाबा म्हणाले.

"सांगू देत. गाठ काढली ना? साधी होती ना? मग आता हे कशाला?" ती माझ्याकडे वळली. "तूच वाचलंस ना कागद?"

मी हो म्हणाले. तिच्या बोलण्यात चूक काढायला जागाच नव्हती. आम्ही जे सांगितलं होतं त्यावरून कुठलाही शहाणा माणूस हेच म्हणाला असता.

"आणि आखाजी तोंडावर आलीय," ती पुढे म्हणाली. "तुझ्या दोन्ही आत्या येतील. मांडे कोण करणार?"

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि घरोघरी चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर मांडे होतात. पुरण भरलेला गोळा लाटण्याने लाटायचा नाही. तो दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरवत न्यायचा आणि तापलेल्या खापरावर अलगद सोडायचा. आईचा मांडा धोतरासारखा पातळ व्हायचा. आता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ते ती बोलत नव्हती, पण दुपारी स्वयंपाकघरात एकटी असताना रिकामे हात हवेत फिरवून बघताना मी तिला पाहिलं होतं.

बाबांनी मला बाहेरच्या ओट्यावर बोलावलं. "जखमेत पू झालाय असं सांगू का? म्हणजे येईल."

"आणि मग आणखी तीन वेळा काय सांगायचं?" मी विचारलं. बाबांना मी असं कधी उलट विचारलं नव्हतं. ते चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसले. मला मात्र एकच दिसत होतं: आई जायची थांबेल, आतलं ते वाढेल, आणि ते 'साधी' या माझ्या शब्दामुळे वाढेल.

शेवटी पू न सांगता हाताचं निमित्त सांगितलं. हात वर जात नाही, डॉक्टरांना नुसता दाखवून येऊ. आई तयार झाली. जळगावहून सकाळची एसटी पकडली. एरंडोलला बाबांनी उसाचा रस आणला, तिने तो मला दिला. पारोळा गेल्यावर ऊन काचेतून मांडीवर यायला लागलं. मी सारखी तिच्या पदराकडे बघत होते. डोक्यावरून घट्ट घेतलेला, कानामागे खोचलेला. धुळ्याला उतरल्यावर ती म्हणाली, "सुई टोचू दिली नाही तर ओढाताण करायची नाही. आधीच सांगते."

दवाखान्यात बाबा नंबर लावून औषधांच्या रांगेत गेले. आम्ही दोघी लांब बाकावर बसलो. शेजारी आईच्याच वयाची एक बाई पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. डोक्याला पुरुषी रुमाल, त्यावर पदर. टरफलं ती न सांडता दुसऱ्या पिशवीत टाकत होती. तिने आईकडे मूठभर दाणे धरले.

"कितवी सुई शे व तुनी?" तिने विचारलं.

ती अहिराणी ऐकून आईचा चेहरा सैल झाला. आईचं माहेर तिकडचंच, दोंडाईच्याजवळचं. आमच्या घरात मात्र ती ही बोली बोलत नसे. माझ्या शाळेमुळे तिने ती बंद केली होती.

"दोन व्हयन्यात," आई म्हणाली. "आते नही लेवाव."

"काब्र?" बाईने कारण विचारलं.

"काय गरज शे? साधी गाठ व्हती."

बाईने फोडलेली शेंग तशीच धरली. "कोन सांगं तुले?"

मला कळलं की आता काय होणार. "मावशी," मी म्हणाले, पण पुढे काही सुचेना. सतरा वर्षं मी गप्प राहण्याचाच सराव केला होता, तो नेमका तेव्हा उपयोगी पडला नाही.

"आठे बठ्ठ्यास्ले पहिले गाठच ऱ्हास," बाई म्हणाली. आवाज चढवला नाही. इथे सगळ्यांची आधी गाठच असते, हे ती बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. "मना धनीनी बी माले गाठच सांगं. कॅन्सर शे व माय. माले बी, तुले बी. हाई सुई त्यानीच शे. मनी पाचवी शे आज."

आईने बाईकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"साधी?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली. ती उठली, पदर सारखा केला आणि दाराबाहेर निघून गेली. मी तिच्यामागे उठणार तर बाईने माझं मनगट धरलं. "बसू दे तिले घडीभर." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "हाऊ भार तू एकलीनी कसाले लिधा, पोरी?" भार एकटीने कशाला घेतलास, हे मला समजलं; अहिराणी मला समजायची, बोलता यायची नाही.  मनगट मात्र सोडवून घेतलं नाही.

आतून नर्सने आईचा नंबर पुकारला. बाबा अजून रांगेत होते. नर्सने पुन्हा पुकारलं. दारातून रस्ता दिसत होता आणि रस्त्याच्या टोकाला एसटी स्टँड. मी फाईल घेऊन धावत बाहेर गेले.

आई आवारातल्या कडुलिंबाखाली, सायकली लावायच्या कट्ट्यावर बसली होती. रडत नव्हती. मी समोर उभी राहिले.

"कागद आणलाय?" तिने विचारलं.

"फाईलमध्ये आहे."

"वाच. आधी इंग्रजीत, मग मराठीत. सगळा."

मी वाचला. आजूबाजूला लोक सायकली काढत होते, लावत होते, आणि मी वर्गात उभं राहून वाचावं तसा तो रिपोर्ट वाचत होते. मापं वाचली. तो शब्द वाचला आणि मराठीत सांगितला. काखेतून काढलेल्या गाठींपैकी दोनमध्ये तेच होतं, तेही सांगितलं. हे मी बाबांनाही सांगितलं नव्हतं. कापलेल्या कडेला काही उरलेलं नाही, तेही सांगितलं.  वाचून झाल्यावर आई म्हणाली, "साधी कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. ते मी घातलं."

"बाबांनी सांगितलं म्हणून?"

मला हो म्हणता आलं असतं. "नाही. मीच."

तिने कागद माझ्या हातून घेतला, उलटा होता तो सुलटा केला, एका ओळीवर बोट ठेवून बघितलं. "एकूण सहा?"

"सहा."

"सहा झाल्यावर बरं होतं?"

"ते लिहिलेलं नाही."

"हं," ती म्हणाली आणि उठली. आत जाऊन तिने तिसरी सलाईन घेतली. बाटली संपेपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून होती. परतीच्या एसटीत पारोळ्याच्या पुढे तिला उलटी झाली. मी पिशवी धरली, तिने धरू दिली. पण तोंड पुसायला मी रुमाल पुढे केला तेव्हा तिने स्वतःचा पदर घेतला. नंतर आठ दिवस ती माझ्याशी आणि बाबांशी कामापुरतंही बोलली नाही. आमच्याशी काय बोलायचं ते ती भांड्यांशी बोलायची.

आखाजीला आत्या आल्या. आई चुलीजवळ खुर्ची टाकून बसली. "हात पुढे कर," ती मला म्हणाली. आठ दिवसांतलं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तिने पुरणाचा गोळा माझ्या हातांवर ठेवला. "मनगट ढिलं. फिरव. घाबरतेस कशाला, चावत नाही तो." पहिला मांडा कोपरापाशीच फाटला. दुसरा खापरावर पडला तो घडी होऊन.

"इंग्रजी शाळेत मांडे नव्हते वाटतं," धाकटी आत्या म्हणाली. सगळ्या हसल्या. आईही हसली, आणि हसताना तिचा पदर मागे सरकला. तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता. आईने पदर पुन्हा घेतला नाही. "कॅन्सरच्या सलाईननी गेले," ती आत्यांना म्हणाली. "येतील परत. खा, तुकडे गरम आहेत तोवर." थोरली आत्या उठली, पाण्याला म्हणून मोरीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही.

चौथ्या वेळी शेंगावाली मावशी भेटली. तिची ती शेवटची सुई होती. तिने आईला दवाखान्याच्या भिंतीपाशी उभं केलं आणि बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवायला लावली. "दुखी तं दुखू दे, थांबू नको." आई शिव्या देत चढवत होती. मी फाईलमधल्या पेन्सिलने बोटं पोचली तिथे बारीक खूण केली. नर्स ओरडली. पाचव्या वेळी मावशीला तिथे काहीच काम नव्हतं, तरी ती दोंडाईच्याकडच्या आपल्या गावाहून आली आणि सलाईन संपेपर्यंत आईजवळ बसली. दोघी माहेरच्या गावांतल्या माणसांची उणीदुणी काढत होत्या. आईला इतकं बोलताना मी घरी कधी ऐकलं नव्हतं. बोटं खुणेच्या वर वीतभर गेली होती.

सहाव्या वेळी मावशी येणार म्हणाली होती. आली नाही. आईने शेजारची जागा पिशवी ठेवून धरून ठेवली. दर वेळी दार वाजलं की आम्ही दोघी बघायचो. पाऊस नव्हता, एसटीचा संप नव्हता. तिच्या गावात कुणाकडे फोन आहे का, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आई म्हणाली, "घरचं काही निघालं असेल." तिने ते दोनदा म्हटलं.

मग पाचोऱ्याची एक म्हातारी आणि तिची सून जागा शोधत आल्या. आईने जरा वेळ थांबून पिशवी उचलली. म्हातारी बसली. तिच्या हातात तसाच तपकिरी लिफाफा होता. सून घाईने आईला म्हणाली, "काही नाही हो, गाठ आहे नुसती." आणि डोळ्यांनी खूण केली. ती खूण मला ओळखीची होती.

आई सुनेकडून म्हातारीकडे वळली. तिने म्हातारीला विचारलं, "अक्का, कागदात काय आहे ते तुम्हाला ऐकायचंय, की नाही ऐकायचं? दोन्ही चालतं."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं, मग लिफाफ्याकडे. बराच वेळ ती त्याची कड अंगठ्याने घासत बसली. मग तिने तो आईपुढे धरला. आईने तो घेऊन माझ्याकडे दिला.

"वाच," आई म्हणाली. "लिहिलंय तेवढंच. पदरचं काही घालू नको."

मी कागद उघडला. दुसऱ्याच ओळीत मला न येणारा एक शब्द होता. मी आईकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती.

"हा एक शब्द मला येत नाही," मी म्हातारीला म्हणाले. "तो डॉक्टरांना विचारू. बाकीचं सांगते."