जावईबापूंनी खोकं हलवलं

भविष्य कळणारी माणसं आपल्यापासून चार हात लांब असलेली बरी. सलूनवाल्या काकांच्या नशिबी तसला एक माणूस जावई म्हणून आला.

काकांची सगळी हयात वस्तऱ्यावर गेली. मग एका सकाळी दाढी करता करता उजव्या हातातलं बळच गेलं आणि गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली. अर्धांगवायूचा सौम्य झटका, असं डॉक्टर म्हणाले. सौम्य म्हणायला त्यांचं काय जातंय! बोटांना व्यायाम म्हणून फिजिओथेरपीवाल्या बाईंनी गेम खेळायला सांगितलं. लेकीचा लग्नाआधीचा कन्सोल टीव्हीखाली पडून होता. त्यावर काका गाड्यांची शर्यत खेळू लागले. सुरुवातीला गाडी सरळ भिंतीत जायची, पण बोटं हळूहळू ऐकायला लागली. काकांनी मनाशी पक्कं केलं, की भिंतीला न घासता एक फेरी पुरी झाली तरच वस्तरा हातात घ्यायचा. तोवर दुकान कारागीर सांभाळत होता. आता फक्त शेवटचं वळण चुकत होतं.

तेवढ्यात जावईबापू आले. हा गृहस्थ ऑफिसात लोकांना पडद्यावर चित्रं दाखवून पुढचा जमाना कसा असेल ते सांगतो आणि त्याचा पगार घेतो. कुठेही गेला की खुर्चीत टेकायच्या आधी मत मांडतो. टीव्हीखाली बघून त्यानं नाक मुरडलं.

"बाबा, हे खोकं अजून ठेवलंय? अहो, खोक्यांचा जमाना संपला! आता गेम नेटवरून येतात. वर्गणी भरायची आणि हवं ते खेळायचं. दोन वर्षांत बाजारात कन्सोल दिसणार नाही, लिहून देतो."

लिहून कोणी मागितलं नव्हतं.

"पण मला एकच गेम लागतो," काका म्हणाले.

"तोही आहे त्यात!"

संध्याकाळपर्यंत खोकं एक्स्चेंजमध्ये गेलं आणि सासऱ्यांना वर्गणी भेट मिळाली. केवढे उपकार केले, असा भाव जावईबापूंच्या तोंडावर मावत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून काकांची गाडी वळणावळणाला आदळू लागली. गेम तोच, रस्ता तोच. अंगठा दाबला की गाडी क्षणभर तशीच पुढे जायची आणि मग वळायची, तोवर भिंत आलेली असायची. नेटला दोष द्यायचं काकांना सुचलंच नाही. त्यांना वाटलं, आपला हातच मागे पडतोय, दुसरा झटका येऊ घातलाय. पण घरात त्यांनी चकार शब्द काढला नाही. हात खिशात ठेवून वावरू लागले. महिनाभर असं आदळून झाल्यावर त्यांनी कारागिराला बोलावून दुकानाची किल्ली देऊन टाकली.

"आता तूच चालव. तुझंच समज."

कारागिराला रडू आवरेना. काका घरी येऊन टीव्हीकडे पाठ करून बसले.

रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. जेवण झाल्यावर जावईबापू आपली भेट कशी चाललीय ते बघायला स्वतःच शर्यत लावून बसले. पहिल्याच वळणावर धाडकन भिंतीत!

"तुमचाही हात...?" काकांनी चाचरत विचारलं.

"हाताचा काय संबंध? हे जरा उशिरानंच वळतं. आपण दाबलेलं तिकडे पोचणार, मग चित्र इकडे येणार. त्यात तुमच्याकडचं नेट म्हणजे आनंदच आहे! होते सवय."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत असतं, बाबा. त्यात सांगायचं काय?"

लेकीनं कपाळावर हात मारला. "अहो, बाबांनी दुकान देऊन टाकलं!"

काका आत गेले आणि वस्तरा, साबण, ब्रश घेऊन बाहेर आले.

"बसा. दाढी वाढलीय तुमची."

जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, पण डॉक्टरांना एकदा विचारून..."

"मान वर करा."

पातं ओठाशी आलं तसा तोंडाचा पट्टा आपोआप थांबला. काकांचा हात गालावरून, हनुवटीखालून, गळ्यावरून न अडखळता फिरला. रक्ताचा थेंब आला नाही. आला असता तरी कोणाला फारसं वाईट वाटलं नसतं. काकांचे डोळे मात्र भरून आले.

"उद्या माझ्याबरोबर दुकानात यायचं," पातं पुसत ते म्हणाले. "दिलेली किल्ली परत मागायचीय. मागायचं काम मी करतो. का दिली होती, ते कारागिराला तुम्ही सांगायचं."

जावईबापूंनी आशेनं बायकोकडे पाहिलं.

"किती वाजता निघायचं, बाबा?" तिनं विचारलं.