कात्रीवाला पक्षी

शिलाईकाकूंच्या दुकानाला दुकान म्हणणं हा त्या जागेचा गौरव होता. जिन्याखालचा कोपरा, एक शिवणयंत्र आणि एक स्टूल. गिऱ्हाईक आलं की स्टूल गिऱ्हाइकाला, काकू उभ्या. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, लग्नातला कोट वाढत्या पोटाभोवती पुन्हा भेटवणं, ही त्यांची कामं. कोणाच्या पोटाबद्दल त्या कधी बाहेर बोलल्या नाहीत. गळ्यात मापाची टेप आणि खिशात दोरा कापायची छोटी कात्री. या दोन वस्तू आई अंघोळीपुरत्याच काढते, असं त्यांची लेक म्हणायची.

काकांच्या उमेदीची सगळी वर्षं पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यात गेली, आणि त्यांच्या सोबतीला कानही तिथेच राहिले. निरोपाच्या दिवशी कारखान्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दर तासाला ठोके देत असे.

काम सुटल्यावर काका घरात बसून भिंतींकडे बघू लागले, तेव्हा काकूंनी त्यांना सकाळी ओढ्यावर न्यायला सुरुवात केली. हा ओढा घरांच्या मागे, गोदामाची भिंत आणि मोठा रस्ता यांच्यामधून अंग चोरून वाहायचा. रुंदी इतपत, की धोतराचा सोगाही न भिजता ओलांडावा. पण दोन्ही काठांना झाडांची अशी दाटी, जणू काही तिथे फुकट पाणी मिळतंय. एक झाड तर ओढ्यावर इतकं ओणवं झालं होतं, की बसायला बाकाची गरज नव्हती.

पहिल्याच सकाळी त्या झाडावर बसून काकांनी विचारलं, "काय ऐकू येतंय?"

काकूंना काहीच ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर यंत्राची घरघर ऐकलेल्या कानांना पाणी आणि पानं म्हणजे शांतताच. पण नवऱ्यानं असं तोंडाकडे बघत विचारलं, तर 'काही नाही' कसं म्हणणार? समोर बुलबुल दिसत होता. "बुलबुल गातोय," त्या ओरडून म्हणाल्या. बुलबुल उडून गेला.

ही मोठीच पंचाईत होती. पक्षी गातोय हे काकांना ऐकू जाईल इतक्या जोरात सांगावं, तर पक्षी राहत नाही. म्हणून काकूंनी दुसरी रीत काढली. काका तळहात पुढे करायचे आणि काकू, सुईनं निबर झालेल्या बोटानं, त्यावर आवाज वाजवायच्या. सुतारपक्ष्याच्या टकटकीला नखाचं टोक, बेडकाला अंगठा, पाण्याला चारही बोटं फिरवून. सांगायचं म्हणून त्या ऐकू लागल्या, आणि ऐकता ऐकता त्यांना खरोखरच ऐकू येऊ लागलं. दगडावरचं पाणी आणि मुळांमधलं पाणी वेगळं बोलतं, हे या वयात कळलं. बदल्यात काका डोळे आणि नाक पुरवायचे. शेवाळावरची गोगलगाय दाखवायचे, कुजलेली पानं चिमटीत धरून काकूंच्या नाकाशी न्यायचे. "हुंग. चहाच्या डब्यासारखा वास आहे." आणि तो तसाच असायचा. घरी परतताना काकूंना रोज वाटे, आपण फुकटात काहीतरी घेऊन चाललोय आणि कोणी अडवत कसं नाही.

मग एक कुंद सकाळ आली. पान हलेना, पक्षी बोलेना, पाणीही आटून गप्प. काकांनी सवयीनं तळहात पुढे केला. तो तसाच रिकामा परत पाठवणं काकूंना जमलं नाही. त्यांनी दोन बोटांनी त्यावर कात्री चालवली.

"हे काय?"

"पक्षी आहे एक. कात्रीसारखा वाजतो."

तिथून पुढे काका रोज विचारू लागले, "कात्रीवाला आलाय का?" आणि कात्रीवाला रोज येऊ लागला. खोट्या पक्ष्याला दाणापाणी लागत नाही, पण हजेरी चुकवता येत नाही.

पुढच्याच वर्षी लेकीनं काकांसाठी कानातलं यंत्र आणलं. "आई, बाबांना आता सगळं ऐकू येणार."

काकूंना आनंद झाला. त्या आनंदात त्यांनी एका सद्गृहस्थांच्या पॅन्टचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले. उसवत बसल्या तेव्हा मनातलं वर आलं. एक टाका खोटा निघाला की शेजारचे खरेही ओघळतात. काका कात्रीवाल्याला शोधणार, तो सापडणार नाही, आणि मग तळहातावर वाजवलेलं बाकीचं सगळं त्यांना खोटंच वाटेल. तो तळहात पुन्हा पुढे येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं ओणव्या झाडावर बसले. काकांनी यंत्र कानात बसवलं आणि कोणी थंड पाणी ओतल्यासारखे दचकले.

"काय ऐकू येतंय?" या वेळी काकूंनी विचारलं.

"सगळं. एकदम. भर बाजारात सोडल्यासारखं." काका बराच वेळ मान तिरकी करून बसले. "तो कात्रीवाला कुठाय?"

"या दिवसांत नसतो तो."

"काल होता."

"काल शेवटचा दिवस होता."

काकांनी गंभीरपणे मान हलवली. मग एक बोट वर केलं. "श्श. ऐक."

कच्. कच् कच्.

काकूंचा खिशातला हात थिजला. कात्रीशी चाळा करायची सवय त्यांना कधी लागली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आवाज बंद पडला.

"घाबरला बिचारा," काका म्हणाले.

काकूंनी मान खाली घातली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"अगं, कान गेले होते, डोळे नाही. पहिल्या दिवशीचा तुझा बुलबुल चोचीत अळी धरून बसला होता. गाणार कुठून?"

"मग बोलला का नाहीत?"

"पक्ष्यांत सुतार आहे, शिंपी आहे. कात्रीवाल्यालाच का घरी बसवायचं? आणि बोललो असतो, तर तू वाजवायची थांबली असतीस."

पाणी मुळांमधून काहीतरी पुटपुटत गेलं. काकांनी तळहात पुढे केला.

"या यंत्राला सगळं ऐकू येतं, पण काय कोणाचं ते कळत नाही. आता हे जे झुळझुळलं, ते पानं की पाणी?"

काकूंनी डोळे पुसले, चारही बोटं त्या तळहातावर टेकवली आणि पाणी फिरवलं.

घरी आले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ ठोके देत होतं. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग जिन्याखालचं स्टूल आणून त्यावर चढले आणि ठोक्यांची कळ बंद केली.

"हे एवढं बोलतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काही नव्हतं त्यात," काकू म्हणाल्या.