पेट्रोल चांगलं आहे

"टोपी सरळ करा जरा."

तात्यांच्या गॅरेजात गेलेल्या प्रत्येकाच्या कानावर हे वाक्य पडायचं. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे आणि डोक्यावर मात्र परीटघडीची पांढरी टोपी. ऑइलचा हात टोपीला लावायचा नाही, हा त्यांचा नेम. बॉनेटखालून डोकं बाहेर काढताना टोपी कलली, की समोर जो उभा असेल त्याच्यापुढं ते मान वाकवायचे. मग तो फटफटीवाला असो, कॉलेजातला प्राध्यापक असो, नाहीतर फौजदार. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही ते काम लागलं असतं. एवढं एक कारण सोडलं, तर या माणसानं कुणापुढं मान वाकवलेली मी पाहिली नाही.

बारामतीत इंदापूर रस्त्याला पत्र्याच्या शेडांची एक रांग होती. पहिल्या शेडात माझं स्पेअर पार्टचं दुकान, दुसऱ्यात तात्यांचं गॅरेज. सगळी रांग एकाच मालकाची. मालकांचा बंगला बारामतीत, बागायत इंदापूरकडं, आणि रस्त्याची कंत्राटं दोन्ही तालुक्यांत. आम्ही सगळे त्यांचे भाडेकरू. ते दिसले की उठून उभे राहणारे.

तात्या मूळचे कन्हेरीचे. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. तात्यांच्या वाट्याला वडिलांकडून एक काळी घोंगडी आली होती, ती गॅरेजात खिळ्याला टांगलेली असे. गिऱ्हाईक आलं आणि "तात्या, कार्बोरेटर गेलाय बघा" असं म्हणालं, की ते म्हणायचे, "बघितल्याबिगर बोलायचं न्हाय. तुमी बी न्हाय अन् मी बी न्हाय." आणि घाईच्या माणसाला बाकावर बसवून ठेवायचे.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मालकांनी मुंबईहून नवी पेट्रोल गाडी आणली होती. तिच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या नळीत एक डबा होता. इंजिनातून येणारा वाईट धूर त्या डब्यात जळून साफ होतो, असं मालकच कौतुकानं सांगायचे. कन्व्हर्टर म्हणायचे त्याला. आमच्या भागात तो प्रकार नवाच. मी तर तोवर फक्त कंपनीच्या पुस्तकात चित्र पाहिलं होतं.

एका दुपारी ती गाडी ट्रॅक्टरच्या मागं दोराला बांधून गॅरेजपुढं आली. स्टिअरिंगवर मालकांचा ड्रायव्हर भानुदास. अठरा वर्षं त्यांच्याकडं नोकरीला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरलेला होता.

झालं होतं ते असं. सकाळी मालक इंदापूरच्या मळ्यातून बारामतीला निघाले होते. मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. वाटेत गाडी अचानक मिसिंग करायला लागली. गचके द्यायची, दम लागल्यासारखी खोकायची. मालक म्हणाले, चालव तशीच. काटेवाडीच्या जवळ आल्यावर पायाखालचा गालिचा करपल्याचा वास आला. भानुदासनं गाडी बाजूला घेतली आणि वाकून खाली बघितलं, तर तो डबा लोहाराच्या भट्टीतल्या फाळासारखा लाल झालेला. शेजारी उसाचं वाळलेलं पाचट पडलं होतं. त्यानं इंजिन बंद केलं, गाडी ढकलून पाचटापासून लांब नेली, आणि मालकांना सांगितलं, "आता ही जागची हलणार न्हाय."

"मी सांगतोय, चालव."

"न्हाय मालक. पेट घेईल."

शेवटी मालक दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मध्ये बसून साखरपुड्याला गेले. रेशमी झब्बा घालून. सगळ्या पाहुण्यांनी ते पाहिलं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, मालकांना राग कशाचा होता. पण ड्रायव्हरनं माझं ऐकलं नाही आणि मी दुधाच्या टेम्पोतून आलो, हे कारण चारचौघांत सांगता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मालक गॅरेजात आले ते वेगळंच कारण घेऊन.

"तात्या, यानं पेट्रोल काढून विकलंय आणि टाकीत रॉकेल ओतलंय. म्हणून डबा तापला. तुम्ही तसं एका कागदावर लिहून द्या. पुढचं चौकीत बघतो."

भानुदास खाली मान घालून उभा होता. अठरा वर्षांत त्याच्यावर असा आळ पहिल्यांदा आला होता.

तात्यांनी कापडाला हात पुसले. "बघितल्याबिगर लिहायचं तरी काय?"

मालक माझ्याकडं वळले. "गाडी कालपासून तुमच्या शेजारी उभी आहे. रॉकेलचा वास आला की नाही?"

वास आला नव्हता. तसं सरळ सांगायचं होतं. पण शेड मालकांचं, आणि माझी दोन मुलं शाळेत. मी म्हणालो, "मला सर्दी झालीय."

तात्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

मग त्यांनी काम सुरू केलं. मालकांना बाकावर बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. तात्यांनी टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढलं, उजेडात धरलं, हुंगलं, दोन थेंब मनगटावर उडू दिले. रॉकेल असलं की राहतो तसा वास राहिला नाही, तेलकट डाग राहिला नाही. तांब्यात पाणी घेतलं आणि भानुदासला म्हणाले, "चालू कर. मी हात वर केला की लगेच बंद."

इंजिन गचके देत सुरू झालं. इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या चार नळ्या असतात, चार सिलिंडरच्या चार. तात्यांनी बोटांनी एकेकीवर पाणी शिंपडलं. पहिली चर्र वाजली. दुसरी चर्र वाजली. तिसरीवर पाणी नुसतं ओघळून गेलं. चौथी पुन्हा चर्र. हात वर गेला, इंजिन बंद झालं.

"तिसरा जळंना झालाय," तात्या म्हणाले. "त्याच्यातलं पेट्रोल कच्चंच खाली जातंय, अन् त्या डब्यात जाऊन पेटतंय. ताप खाली दिसतोय मालक, दुखणं वर हाय."

"ते रॉकेलमुळंच."

"रॉकेल असतं तर चारीच्या चारी खोकले असते. एकच का गप हाय?"

त्यांनी तिसऱ्याचा ठिणगी पाडणारा प्लग काढून माझ्याकडचा नवा घातला. फरक पडला नाही. तेव्हा त्यांनी खिळ्यावरची घोंगडी काढली, बॉनेटवर टाकली आणि स्वतः तिच्यात शिरले. भर दिवसा इंजिनावर अंधार केला. भानुदासनं पुन्हा इंजिन सुरू केलं. घोंगडीच्या आतून आवाज आला, "शेजारी, हितं या."

मी आत डोकं घातलं. मेंढरांचा आणि पेट्रोलचा वास एकत्र आला, म्हणजे माझी सर्दी तिथंच उघडी पडली. अंधारात तात्यांचं बोट दिसलं आणि बोटाच्या पुढं एक निळी ठिणगी. प्लगच्या जाड वायरीतून बाहेर उडी मारून ती शेजारच्या लोखंडाला जात होती. करंट प्लगपर्यंत पोचतच नव्हता.

वायर काढून बाहेर उजेडात धरली. रबर कुरतडलेलं, बारीक दातांच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या. मालकांची गाडी मळ्यात धान्याच्या खोलीशेजारी उभी असायची.

"उंदीर," तात्या म्हणाले. "चौकीत त्याला न्या."

मालक हसले नाहीत. "मला कागद पायजे. मी सांगितलं तसा."

तात्यांनी माझ्या दुकानातून तशाच मापाची नवी वायर आणायला सांगितली, घातली. इंजिन एका सुरात चालायला लागलं. रबरी हातोडीनं त्यांनी खालचा डबा हळूच ठोकून पाहिला. आतून काही खुळखुळलं नाही. आतली जाळी वितळली नव्हती. मग भानुदासला आणि मला गाडीत घालून ते काटेवाडीपर्यंत जाऊन आले. पिंपळीच्या पुढं मोकळ्या रस्त्याला त्यांनी गाडी चांगली ताणली. परत आल्यावर मालकांना म्हणाले, "पेट्रोल तेच हाय, थेंब बदलला न्हाय. आता पायाखाली हात लावून बघा."

मालकांनी हात लावला नाही. "तात्या, शेड कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग कागद लिहा."

"लिहितो की."

तात्यांनी माझ्याकडून बिलाचा कोरा कागद मागून घेतला, बॉनेटवर ठेवला आणि सातवीपर्यंतच्या शाळेतल्या अक्षरांत, एकेक शब्द उच्चारत लिहिलं. "पेट्रोल चांगलं आहे. तिसऱ्या प्लगची वायर उंदराने खाल्ली. ड्रायव्हरने गाडी वेळेवर बंद केली म्हणून गाडी वाचली आणि मालक पण वाचले." खाली सही केली. काळ्या अंगठ्याचा ठसा नको असताना उठला. मालकांनी हात पुढं केला, तर तात्यांनी तो कागद भानुदासच्या खिशात घातला.

"ह्यो त्याचा हाय. मी बघितलं ते लिवलं. शेड कवा रिकामं करू तेवढं सांगा."

मालकांनी आठ दिवस दिले. तात्यांनी दुसऱ्या दिवशीच सामान भरलं.

मालक तरीही चौकीत गेलेच. त्याच संध्याकाळी भानुदासला बोलावणं आलं. तात्या त्याच्याबरोबर निघाले आणि माझ्या दुकानापुढं क्षणभर थांबले. "सर्दी गेली का?" एवढंच विचारलं. मी शटर ओढलं आणि त्यांच्या मागं गेलो. चौकीत हवालदारांनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, तुम्ही काय पाहिलं. मी ठिणगीचं सांगितलं, उंदराच्या दातांचं सांगितलं, रॉकेलचा वास नव्हता हेही सांगितलं. तक्रार लिहिली गेली नाही. बाहेर आल्यावर भानुदासनं गाडीची किल्ली तिथं थांबलेल्या मालकांच्या मुनिमाच्या हातात दिली आणि म्हणाला, "आजपासनं न्हाय." पुढं तो डेअरीच्या टँकरवर लागला आणि तिथंच निवृत्त झाला. मलाही दोन महिन्यांनी शेड सोडावं लागलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, हे मात्र माझं मलाच नवल होतं.

तात्या इंदापूरला गेले. हायवेच्या कडेला दीड गुंठा जागा त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली आणि जमेल तसं बांधायला काढलं. छप्पर पडायच्या आधीच ते गेले. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं. मला निरोप दोन दिवसांनी मिळाला.

त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. चारी बाजूंनी कमरेएवढ्या भिंती उठल्या होत्या, वर मोकळं आभाळ. आत एक जीप उघडी करून ठेवलेली, आणि तात्या जमिनीवर बसून भाकरी खात होते. मी आपला भिंतीवर हात टेकून पाय टाकून आत जायला लागलो.

"तितनं न्हाय," ते म्हणाले. "दारातनं या."

दार नव्हतं. दोन भिंतींच्या मध्ये तीन हातांची मोकळी जागा सोडलेली होती, ती पलीकडच्या अंगाला. मी सगळ्या भिंतीला वळसा घालून तिथं गेलो, चपला काढल्या आणि आत गेलो.