छगन शेठची जपानी लॉरी आणि आमचा दादा

माणूस गेला की घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे लोक पिठलं-भात आणून देतात, आणि पातेल्याबरोबर एकेक किस्साही आणतात. आमच्याकडे तेरा दिवसांत इतके किस्से जमले की मला प्रश्न पडला, हा दादा माझा होता की आणखी कोणाचा? अर्धे किस्से मला ठाऊक होते, अर्धे नव्हते. जे ठाऊक होते तेही दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की वेगळेच वाटायचे. एक गोष्ट मात्र सगळ्यांत होती. लॉरी!

ही लॉरी देवासच्या छगन शेठची. लढाई संपल्यावर महूला लष्करी मालाचा लिलाव झाला, त्यात शेठने ती घेतली. बर्मात जपान्यांकडून पकडलेली आहे, असं लिलाववाला म्हणाला. खरं-खोटं देव जाणे. देवास-इंदूरच्या सगळ्या मिस्त्र्यांनी हात जोडले, तेव्हा ती धारला आमच्या कारखान्यात आली. दिगूदादाने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, "शेठ, मला यातलं काही कळत नाही."

"फिर?"

"फिर काय! राहू द्या इथंच."

दादाने खटपट करून ती चालू केली, आणि तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. कापसाच्या गाठी, गहू, कधी वऱ्हाड, सगळं वाहिलं तिने. आता दादा गेला. पाच दिवस ताप आणि सहाव्या दिवशी दादा नाही. डॉक्टरने काय झालं ते नीट समजावून सांगितलं, मला अजून समजलेलं नाही. आणि दादा गेल्यापासून लॉरी सुरू होत नाही. शेठने निरोप धाडला, "तेरावं होऊ द्या, चौदाव्या दिवशी येतो. चालू झाली तर तुमच्याकडेच राहील. नाही तर भंगारात, कबाडीला देतो."

म्हणजे तेरा दिवस मी एकीकडे पिंड आणि दर्भ बघत होतो, आणि डोक्यात कार्बोरेटर!

* * *

लॉरीच्या डॅशबोर्डवर एक पितळी पट्टी आहे. तिच्यावर तीन जपानी अक्षरं. ती वाचायची कोणी? तिरल्याला एक रिटायर सुभेदार होते, बर्माच्या लढाईत जाऊन आलेले. दादा त्यांना मुद्दाम घेऊन आला.

सुभेदारांनी चष्मा लावला, पट्टीवरून बोट फिरवलं, डोळे मिटले. मग म्हणाले, "यात लिहिलंय, उतारावर ब्रेकच्या भरवशावर राहू नये."

दादा म्हणाला, "एवढं सगळं तीन अक्षरांत?"

"जपानी भाषा फार काटकसरी आहे!"

आम्ही खूप हसलो. सुभेदारांना जपानी येत नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्याच आठवड्यात सरदारपूरच्या वाटेवर उतार लागला आणि ब्रेक गेले! दादाने लॉरी ज्वारीच्या शेतात घातली म्हणून वाचलो. कणसं झटकत तो खाली उतरला आणि मला म्हणाला, "गणू, त्यांना येत होतं का रे जपानी?"

तिरल्यावरून गेलो की दादा सुभेदारांच्या पाया पडतो. पडायचा. सवय जात नाही.

* * *

इंदूरला मोटारीच्या पार्टचं एक दुकान होतं. लॉरीचा पाण्याचा पंप फुटला म्हणून मी तिथे गेलो. दुकानदार म्हणाला, "जपानी गाडी का पार्ट? जपान जाओ भिया, सीधी सड़क है!" दुकानातले सगळे हसले.

मी काउंटरवरून उडी मारून त्याला हाणला. मला चौथीपासून हेच येतं. शाळाही त्यातच सुटली.

दुसऱ्या दिवशी दादा मला घेऊन माफी मागायला गेला. मला बाहेर उभं केलं. माफी मागता मागता त्याची नजर फळीवरच्या एका पंपावर गेली. तो अमेरिकन लॉरीचा होता. दादाने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विकत घेऊन आला. घरी येऊन बसवला. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही, फिट! जणू तिच्यासाठीच केलेला.

दादा खाली मातीत बसला. "गणू, हे दोघं लढाईत एकमेकांच्या उरावर बसले होते ना?"

"हो."

"मग आतून एकच कसे?"

मला तर हेही कळलं नव्हतं की जपानची लॉरी अमेरिकेच्या पंपावर चालत असेल, तर मी त्या दुकानदाराला मारलं कशासाठी!

* * *

आमचे मामा इंदूरला कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरच्या कामगारांचे मुकादम आहेत. एकदा दिवाळीला आले असताना त्यांनी लॉरीची पट्टी बघितली आणि ओरडलेच, "अरे दिगू, ही खूण आमच्या खात्यातल्या जपानी मागांवर आहे!"

दादाला पटेना. मामांनी ती अक्षरं विडीच्या पाकिटावर उतरवून घेतली, गिरणीत जाऊन मागाशी ताडून पाहिली, आणि पुढच्या रविवारी खास तेवढ्यासाठी धारला आले. पहिली दोन अक्षरं तीच निघाली. गिरणीतल्या मोठ्या फिटरने त्यांना सांगितलं होतं, ही अक्षरं ज्या जपानी घराण्याची, त्याचा मूळ धंदा मागांचा, मोटारी नंतर काढल्या.

"माग करणारे लॉरी करतील?" दादा म्हणाला. "मग उद्या लोहाराने जिलबी करावी!"

पण त्याने इंजिन चालू केलं आणि बॉनेटला कान लावला. मग हळूच म्हणाला, "मामा, खरंच मागावरचा धोटा पळतोय हो!"

तेवढ्यात छगन शेठ आले. त्यांना सगळं सांगितलं. शेठने लॉरीकडे बघून कपाळाला हात लावला. "अब ये कपड़ा भी बुनेगी क्या?"

मी नंतर कितीदा कान लावला. मला धोटा कधीच ऐकू आला नाही.

* * *

ही सगळ्यात जुनी गोष्ट. संस्थानं विलीन व्हायच्या आधीची. तेव्हा देवासला दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. मधून रस्ता. रस्त्याच्या एका अंगाला एक महाराज, दुसऱ्या अंगाला दुसरे. आम्ही शेठच्या गाठी घेऊन गेलो आणि लॉरी नेमकी रस्त्यात आडवी असताना बंद पडली. पुढची चाकं थोरल्या पातीत, मागची धाकट्या पातीत!

दोन्हीकडून दोन जमादार आले. थोरल्या पातीचा म्हणाला, "गाडी हटवा, पण ही तर निम्मी त्यांची आहे, मी हात कसा लावू?" धाकट्या पातीचा म्हणाला, "इंजिन त्यांच्या हद्दीत बिघडलंय, आमचा संबंध काय?" गर्दी जमली. टांगे अडकले. मी बाह्या सारायला लागलो होतो.

दादाने हात जोडले. "जमादारसाहेब, दोघांचंही बरोबर आहे. बिघाड पुढे आहे, म्हणजे तो थोरल्या पातीचा. त्यांनी हँडल मारावं. धक्का मागून मारायचा असतो, म्हणजे तो धाकट्या पातीचा!"

आणि मारलं की हो दोघांनी! पगड्या घालून!

लॉरी सुरू झाली तेव्हा दोन्ही जमादार एकमेकांकडे बघून हसत होते. दादा मला म्हणाला, "बघ, हाताने कधीच काम होत नाही." मी म्हटलं, "दादा, काम तर हातानेच झालं." तो म्हणाला, "तुला समजावणं अवघड आहे."

अजून विचार करतोय.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. तलवार आता राहिली नाही, म्हणून पाने, जॅक, हातोडे मांडतात, आणि शेवटी लॉरी. पहिल्या वर्षी भटजींनी आढेवेढे घेतले. परमुलखातली गाडी, लढाईतून आलेली, हिने काय काय पाहिलं असेल!

दादा म्हणाला, "भटजी, जपानात बुद्धाला मानतात."

"मग?"

"बुद्ध म्हणजे आपला नववा अवतार ना?"

भटजी थांबले. बोटांवर काहीतरी मोजलं आणि बंपरला गंध लावलं.

वहिनी ओवाळायला पुढे आली. वहिनी देवासपलीकडच्या पीपलरावां गावची, बोलते फार थोडं. निरांजन फिरवता फिरवता म्हणाली, "म्हणजे हिलाही माहेर लांबच पडलं म्हणायचं." दादा तेव्हा जो हसला, तसा हसलेला मी पुन्हा पाहिला नाही.

* * *

चौदाव्या दिवशी सकाळी छगन शेठ आले. बरोबर इंदूरचा कबाडी होता. तो लॉरीभोवती फिरून तिला बोटाने ठोकून बघत होता, म्हैस घ्यायला आल्यासारखा.

मी पहाटेपासून हँडल मारत होतो. दादा जे जे करायचा ते सगळं केलं. चोक ओढला, प्लग काढून तापवून बसवले, पेट्रोलची नळी तोंडाने ओढली, बॉनेटवर थाप मारली, तो द्यायचा त्या शिव्यासुद्धा त्याच क्रमाने दिल्या. लॉरी ढिम्म! एकदा हँडल उलटं फिरलं आणि मनगट सुजलं.

शेठ जवळ आले. त्यांचेही डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू. म्हणाले, "गणू भिया, दिगू मिस्त्री था तो गाड़ी थी. अब लोहा है. जाने दे."

कबाडीने दोर काढला. मी लोखंडी टॉमी उचलली. पुढे काय करणार होतो ते मलाही माहीत नव्हतं.

"भाऊजी, ती खाली ठेवा."

वहिनी दारात उभी होती. डोक्यावरून पदर, चौदा दिवसांत पहिल्यांदाच बाहेर आलेली. ती कोणाकडे न बघता चालत आली, लॉरीचं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि आत जाऊन बसली. दादाच्या जागेवर! शेठने मान खाली घातली. मला वाटलं, हिला आता रडू आवरत नाहीये, बसू दे थोडा वेळ.

आतून आवाज आला, "भाऊजी, हँडल मारा. दोनदा मारून थांबा. तिसरं मी सांगेन तेव्हा."

मी दोनदा मारलं. थांबलो. आत काहीतरी खटकन वर गेलं, काहीतरी खाली आलं.

"आता."

आणि लॉरी सुरू झाली! अख्खी शेड थरथरली. धुराने कबाडी खोकायला लागला. मी हँडल हातात घेऊन वेड्यासारखा उभा. तोवर गिअर पडला, आणि लॉरी मागे जायला लागली. शेठ एकीकडे पळाले, कबाडी दुसरीकडे. वहिनीने मान वळवून मागे बघत लॉरी शेडमधून काढली, फाटकाच्या दोन खांबांमधून काढली, मागच्या मागे गल्ली ओलांडली आणि सरळ सडकेवर नेऊन उभी केली. कुठे घासली नाही, कुठे अडली नाही. मला आजही इतकी सरळ रेघ पाटीवर ओढता येणार नाही!

शेठ कबाडीला म्हणाले, "तू जा भिया."

मी सडकेवर पळत गेलो. लोक जमायला लागले होते. वहिनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली होती.

"वहिनी!" मी ओरडलो. "आता पुढे घ्या! चौकापर्यंत तरी न्या!"

तिने मान हलवली.

"पुढे न्यायला नाही येत."

"म्हणजे?"

"ते दिवाळीनंतर शिकवणार होते."