मानमोडीतली प्रार्थना

धरणगावच्या मिशन शाळेतले नथ्थू मास्तर देवमाणूस. पण खोड एकच, सगळं आपणच करायचं! रविवारी दुपारी तरुणांची सभा भरे. गाणं मास्तर म्हणणार, वचन मास्तर वाचणार, प्रार्थनाही त्यांचीच. पोरांनी फक्त 'आमेन' म्हणायचं. आठ वर्षं हाच खाक्या. कुणी बोललंच तर म्हणत, "अजून कच्ची आहेत हो." खरं म्हणजे त्यांनाच धास्ती. पोरं चुकली नि गाव हसलं, तर?

एकोणीसशे अठरात मानमोडीचा ताप आला. घरटी एक तरी माणूस अंथरुणाला. मास्तरही पडले. बुधवारी सकाळी सभेतला कौतिक धावत आला.

"मास्तर, वनाभाऊंच्या बठ्ठा घरले ताप शे. पाणी द्यायलाही कुणी उठता माणूस नाही. आम्ही जाऊ?"

याच वनाभाऊंनी मिशनच्या या पोरांना गावच्या विहिरीवरून हाकललं होतं. पण मास्तरांची काळजी वेगळीच. कौतिक विधवेचा एकुलता एक. आईने त्यांच्या भरवशावर सोडलेला.

"मी बरा झालो की मिळून जाऊ."

मागे सभेतलीच मंजुळा उभी होती, घरोघर वचन सांगणाऱ्या बायबलबाईंची लेक. "तोवर तिथे कोण उरेल, मास्तर?"

"जा," मास्तर म्हणाले, आणि म्हणताक्षणी पस्तावले.

दोन दिवस डोळे दाराला लागलेले. पाऊल वाजलं की वाटे, आला निरोप, गेला कौतिक! शुक्रवारी सकाळी काठी टेकत निघालेच. गल्लीत चिटपाखरू नाही.

वनाभाऊंच्या ओसरीवर कौतिक पेज ढवळत होता. जिवंत! मास्तरांना रडूच फुटलं.

आत वनाभाऊंची म्हातारी आई धापा टाकत होती. उशाशी मंजुळा.

"पोरी, माले भ्या वाटस. तुना देवले सांग ना."

मंजुळा गडबडली. मोठ्याने प्रार्थना तिने जन्मात केली नव्हती. तिने दाराकडे पाहिलं, तर मास्तर! मास्तरांनी सवयीने घसा खाकरला, हात जोडले, आणि तोंड गच्च मिटून घेतलं.

"देवा," मंजुळा चाचरली, "हाई माय घाबरी गई शे. तिनाजोडे ऱ्हा, तिले सोडू नको." पुढचं तिला आठवेना. म्हातारीने तिचा हात घट्ट धरला होता. कुणीही हसलं नाही.

शेवट कसा करायचा, तेही तिला सुचेना. तेव्हा उंबऱ्याबाहेरून मास्तर म्हणाले, "आमेन."